पांच जिनसांचा पंच

साहेबाच्या मेजवानींतील ‘पंच’ हें पेय विलायतेहून इकडे आलें, असा पुष्कळांचा समज असतो. इतिहास उलट साक्ष देतो. इंग्रजींत हा शब्द प्रथम आढळतो तो १६३२ सालच्या एका पत्रांत, आणि तें पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानांतील एका चाकराचें आहे.

पुढें कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७२ सालीं इकडे निघाला. १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तो लिहितो कीं, गोव्यांतील नेरूळचा अरक उत्तम. त्याचेंच इंग्रज हें पेय करितात, आणि जिन्नस पांच म्हणून त्याचें नांवही पांचावरून पडलें. अरक, लिंबाचा रस, साखर, पाणी व मसाला हे ते पांच. मात्र हें पेय शक्ति हरण करणारें आहे, हेंही त्यानेंच नमूद केलें आहे.

कांहीं पंडित हा शब्द पिंपाच्या इंग्रजी नांवापासून काढितात. वाद मिटलेला नाहीं. अभिमान धरण्यापूर्वीं पुरावा तोलावा, हें मी वर्गांत नेहमीं सांगत असें. तें येथेंही लागू आहे.

जुनें प्रमाण असें : आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, पाणी चार, वर किंचित् जायफळ. घरीं करतांना कडक तीन भागांच्या जागीं संत्र्याचा रस घालावा. जिन्नस पांचच राहतात, नांव सार्थ होतें, आणि वैद्यबुवांची तक्रारही उरत नाहीं.