देहबोलीचा आभासी वर्ग

परदेशी जाणाऱ्याला तिथली भाषा शिकवता येते. पण समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहावे, हे कसे शिकवायचे? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत १९५१ ते १९५५ या काळात एडवर्ड हॉल हे मानवशास्त्रज्ञ शिकवत होते. संस्कृतीवरची सैद्धांतिक व्याख्याने तिथल्या अधिकाऱ्यांना नकोशी वाटत. मुक्कामी पोचताच उपयोगी पडेल असे काही त्यांना हवे होते. (विद्यार्थी सगळीकडे सारखेच!) म्हणून हॉल आवाजाची पट्टी, हावभाव, वेळ आणि अंतर यांच्या निरीक्षणाकडे वळले. १९६६ साली 'द हिडन डायमेन्शन' या पुस्तकात त्यांनी अंतरांचे आकडेच दिले: सुमारे ४५ सें.मी.पर्यंत निकटचे, तिथून १.२ मीटरपर्यंत वैयक्तिक आणि त्यापुढे सामाजिक. हे आकडे प्रामुख्याने अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीयांचे आहेत, सर्व मानवजातीचे नव्हेत, असेही त्यांनी तिथेच बजावले होते.

जे मोजता येते ते संगणकालाही सांगता येते. २००३ मध्ये इराकचे युद्ध सुरू झाल्यानंतर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील लुईस जॉन्सन यांच्या गटाचा 'टॅक्टिकल इराकी' हा संगणकीय खेळ अमेरिकी सैनिकांच्या हाती आला. शिकणारा सैनिक पडद्यावरच्या इराकी वस्तीत शिरतो, मायक्रोफोनमध्ये अरबी बोलतो आणि बोलताना कोणता हावभाव करायचा, उदाहरणार्थ उजवा हात छातीवर ठेवायचा का, तेही निवडतो. चुकला तर लोकांचा विश्वास घटतो, हवी ती माहिती मिळत नाही. प्रत्यक्षात अशी चूक जिवावर बेतू शकते. पडद्यावर डाव पुन्हा मांडता येतो.

मात्र छातीवर जातो तो पडद्यावरच्या पात्राचा हात. शिकणाऱ्याचे शरीर खुर्चीतच असते. डोक्यावर चढवण्याच्या आभासी वास्तवाच्या उपकरणाने ही उणीव काहीशी भरून निघते. जेरेमी बेलेन्सन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संगणकाने रेखाटलेल्या माणसाजवळ जाताना लोक त्याच्या पाठीपेक्षा चेहऱ्यासमोर अधिक अंतर राखत. तिथे खरे कोणी नाही हे ठाऊक असूनही!

माझी शंका निराळीच आहे. आभासी गावकऱ्याने कशावर रागवायचे, हे कोणीतरी आधी लिहून द्यावे लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ देशांच्या पाहणीत (सुमारे ९००० व्यक्ती) देशादेशांत फरक दिसला, तसा वय आणि लिंग यांनुसारही पसंतीच्या अंतरात फरक दिसला. तेव्हा खेळात म्हातारा निराळा, तरुण निराळा, स्त्री निराळी दाखवायची, तर निरीक्षणेही तितकी हवीत; आणि ती गोळा करायला कोणाला तरी त्या गावी जाऊन लोकांत वावरावेच लागते.