टीबीचे जंतू, काका आणि हडपसर

तर झालं असं. काकांच्या मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली. रिपोर्ट आला : कर्करोग, पण स्नायूपर्यंत पोचलेला नाही. डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे मूत्राशयात बीसीजी सोडायचं. काका ताडकन म्हणाले, "म्हणजे कॅन्सर घालवायला टीबी देणार?" माणूस सदाशिव पेठेतला. खुलासा मिळाल्याशिवाय सही करणार नाही! घरातला एकमेव आयटीवाला म्हणून खुलाशाचं काम माझ्याकडे आलं नि विकांत त्यातच गेला.

सुरुवात न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या सर्जनपासून. एका रुग्णाला धावरं (त्वचेचा जंतुसंसर्ग) झालं आणि त्याची गाठच विरघळली, अशी जुनी नोंद त्यांना सापडली. १८९१ मध्ये त्यांनी मुद्दाम जंतू टोचून पाहिले. काही गाठी गेल्या, काही रुग्णही गेले. भरवसा नव्हता. पुढे क्ष-किरण आले नि कोली मागे पडले.

तिकडे फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरँ यांनी गायीच्या क्षयाचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर १३ वर्षांत २३० वेळा वाढवून निरुपद्रवी केला. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाला दिली. तीच बीसीजी. १९२९ मध्ये रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदींवरून मांडलं की कर्करोग्यांत क्षय कमी दिसतो. त्यांची तुलनाच चुकीची होती, पण कल्पना टिकली. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड यांना बीसीजी दिलेल्या उंदरांत गाठी कमी वाढताना दिसल्या. शेवटी १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला.

सहाच आठवडे का? तर त्यांच्याकडे येणाऱ्या बीसीजीच्या खोक्यात सहा कुप्या असायच्या! मी हसलोच. आमच्या कोडमध्येही असा एखादा आकडा असतो. चालतंय ना, मग हात लावू नका.

आता मूळ प्रश्न. कर्करोगाची पेशी आपलीच असते, त्यामुळे पहारेकरी तिला बरेचदा घरचीच समजून सोडून देतात. बीसीजीचे जंतू मात्र सरळसरळ परके. ते अस्तराला चिकटतात, पेशींत शिरतात, नि धोक्याची घंटा वाजते. आधी न्यूट्रोफिल धावतात, मागून टी-पेशी आणि एनके पेशी. त्या धरपकडीत कर्करोगाच्या पेशीही सापडतात. बारकावे अजून उलगडतायत, पण अशा जोखमीच्या गाठींसाठी आजही पहिली पसंती याच उपायाला आहे. जंतू जिवंत असल्याने क्वचित संसर्ग पसरू शकतो, म्हणून ताप आला तर लगेच कळवायचं. काकांना हेही सांगितलं, लपवलं नाही.

गंमत पुढेच. काकांच्या कुपीवर नाव होतं सिरमचं. १९६६ पासूनची ही पुण्याची कंपनी. मगरपट्ट्याच्या हापिसात जाताना इतकी वर्षं हडपसरहून जातोय, पण आत कर्करोगावरचंही बीसीजी बनतं हे ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "गावचंच आहे होय? मग आण कागद."

सहा डोस झाले. दर वेळी दोन तास लघवी रोखून धरणं हीच खरी शिक्षा, इति काका. परवा पुन्हा दुर्बीण घालून बघणार आहेत. काय निघतं ते निघो. तोवर काकू देवापाशी, काका पेपरात, आणि मी इथे.

असो.