अष्ठीला ग्रंथीच्या वाढीवरील उपचारांचा इतिहास : अगतिकतेकडून निवडीकडे

प्रस्तावना :

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असणाऱ्या ग्रंथीस मराठी परिभाषेत अष्ठीला ग्रंथी म्हणतात. व्यवहारात ती प्रोस्टेट या नावानेच परिचित आहे. उतारवयात ही ग्रंथी वाढते, मूत्रमार्ग दाबला जातो, धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते आणि प्रसंगी लघवी पूर्णपणे तुंबते. ही वाढ कर्करोगाची नसते. साठीच्या सुमारास निम्म्या आणि पंच्याऐंशीच्या सुमारास दहापैकी नऊ पुरुषांत ती सूक्ष्मदर्शकाखाली आढळते. म्हणजे हा विकार वार्धक्याइतकाच सार्वत्रिक आहे. तरीही सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी ‘वय झाले’ असे म्हणून हे दुखणे अंगावर काढतात. लाजेमुळे ते मुलांनाही सांगत नाहीत आणि लघवी तुंबल्यावरच रुग्णालय गाठतात. त्यामुळे या उपचारांचा इतिहास तपासणे केवळ वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेच नव्हे, तर समाजाच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : 1) अष्ठीलावृद्धीवरील उपचारांचे प्रमुख टप्पे मांडणे. 2) या टप्प्यांत रुग्णाचे स्थान कसे बदलत गेले ते पाहणे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

प्राचीन व पूर्व-आधुनिक काळ :

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एका प्रकारात गुदमार्ग व बस्ती यांच्या दरम्यान दगडासारखी कठीण गाठ होऊन मल, मूत्र व वायू यांचा अवरोध होतो असे वर्णन येते. ‘अष्ठीला’ या आजच्या पारिभाषिक शब्दाचे मूळ तेथे आहे. मात्र सुश्रुताला आधुनिक अर्थाने प्रोस्टेट ग्रंथी ठाऊक होती, असा निष्कर्ष त्यावरून काढणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. तेथे लक्षणांचे सूक्ष्म निरीक्षण आहे, ग्रंथीची शरीररचना नाही. युरोपात व्हेसेलियसने 1538 मध्ये या ग्रंथीचे चित्र प्रसिद्ध केले, तर मॉर्गान्यी याने 1761 मधील आपल्या ग्रंथात शवविच्छेदनाच्या आधारे ग्रंथीची वाढ आणि मूत्रावरोध यांचा संबंध दाखविला.

कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मूत्रनलिका, म्हणजे कॅथेटर, हाच मुख्य आधार होता. चांदीची किंवा अन्य धातूची नळी रुग्ण स्वतःजवळ बाळगी आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःच आत सरकवी. निर्जंतुकीकरणाची कल्पना नसल्याने मूत्रसंसर्ग होई, तो मूत्रपिंडांपर्यंत पोहोचे आणि अनेकांचा त्यातच अंत होई. सुटका करणारे साधनच पुढे मृत्यूस कारण ठरत असे. फ्रेंच शल्यविशारद नेलातों याच्या रबरी नळीमुळे इजा कमी झाली, पण संसर्गाचा प्रश्न कायम राहिला.

शस्त्रक्रियेचे युग :

भूल देण्याचे तंत्र (1846) आणि लिस्टरची जंतुविरोधी पद्धती (1867) यांमुळे शल्यविशारदांना उदरपोकळीच्या खालच्या भागात हात घालण्याचे धैर्य आले. तथापि, या काळात एक विलक्षण उपायही पुढे आला. फिलाडेल्फिया येथील विल्यम व्हाइट यांनी 1893 मध्ये अष्ठीलावृद्धीवर वृषणोच्छेदनाची शिफारस केली. वृषण काढल्यास ग्रंथी आक्रसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1895 मध्ये त्यांनी अशा 111 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अनेकांना आराम पडला, परंतु मृत्यूचे प्रमाणही मोठे होते. आयुष्याच्या अखेरीस पौरुष गमावून लघवी मोकळी करून घेणे, एवढाच सौदा रुग्णापुढे ठेवला जात होता. तो त्याने स्वीकारला याचा अर्थ त्याची निवड होती असा नव्हे. नळीच्या यातनांपुढे तो अगतिक होता.

याच सुमारास मूत्राशय उघडून बोटांनी ग्रंथी सोडवून काढण्याची शस्त्रक्रिया आकार घेत होती. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी 1894 पासून ती केली. पण ती लोकप्रिय केली लंडनच्या पीटर फ्रायर यांनी. 1901 मध्ये चार यशस्वी रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध करून त्यांनी ही पद्धती आपली असल्याचे सांगितले आणि फुलर यांच्याशी श्रेयाचा कडवट वाद ओढवून घेतला. 1912 पर्यंत फ्रायर यांनी एक हजार शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. त्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा पाच-सहाच्या आसपास होते, जे त्या काळाच्या मानाने अतिशय कमी होते.

येथे एका दुर्लक्षित बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. आयर्लंडमध्ये जन्मलेले फ्रायर 1875 पासून सुमारे दोन दशके इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. उत्तर भारतातील रुग्णालयांत त्यांनी मुतखड्याच्या शेकडो रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्या विषयावर ग्रंथ लिहिला. मूत्राशयाच्या शल्यकर्मातील त्यांचा हात येथे बसला. लंडनमध्ये मिळालेल्या कीर्तीचा पाया अशा रीतीने भारतीय रुग्णांच्या शरीरावर घातला गेला. श्रेयाच्या वादात फुलर व फ्रायर यांची नावे गाजली, पण त्या रुग्णांचे स्थान इतिहासात आकड्यांपुरतेच राहिले. वसाहतकालीन वैद्यकाच्या अभ्यासकांनी हा दुवा तपासून पाहण्याजोगा आहे.

पुढे टेरेन्स मिलिन यांनी 1945 मध्ये मूत्राशय न उघडता, जघनास्थीच्या मागून ग्रंथी काढण्याची पद्धती मांडली. तोवर मूत्रमार्गातूनच ग्रंथी तासण्याचे तंत्रही विकसित झाले होते. मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी 1926 मध्ये ‘रिसेक्टोस्कोप’ हे उपकरण सादर केले. त्यानंतर थिओडोर डेव्हिस आणि जोसेफ मॅकार्थी यांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यात सुधारणा केल्या. विजेच्या तारेच्या वेटोळ्याने ग्रंथीचे तुकडे काढणारी ही शस्त्रक्रिया, म्हणजे टीयूआरपी. पोटावर छेद नसल्याने ती हळूहळू सर्वत्र रुळली. आरंभी धुण्यासाठी शुद्ध पाणी वापरत. ते रक्तात शिरून रक्तपेशी फुटत आणि रुग्ण दगावत. क्रीव्ही यांनी 1947 मध्ये हे कारण दाखविल्यावर ग्लायसीनसारखी द्रावणे आली. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3,885 रुग्णांच्या अमेरिकी पाहणीत मृत्युप्रमाण शेकडा 0.2 इतके खाली आले होते.

औषधोपचार व निवडीचे युग :

व्हाइट यांचा उपाय टाकाऊ ठरला, तरी त्यामागील तत्त्व टिकले. 1974 मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूपांतर करणारे विकर या कुटुंबांतील काही पुरुषांत जन्मतःच सदोष होते आणि त्यांची अष्ठीला ग्रंथी लहानच राहत असे. या विकराला रोखणारे फिनास्टराइड हे औषध 1992 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शतकापूर्वी जे शस्त्राने साधले जात होते, त्याचा हवा तेवढा अंश आता गोळीने साधता येऊ लागला. दुसरीकडे, जेरुसलेम येथील मार्को केन यांनी 1970 नंतरच्या दशकात दाखविले की अवरोधास ग्रंथीच्या आकाराबरोबरच तिच्यातील स्नायूंचा ताणही कारण असतो. त्यातून अल्फा-रोधक औषधे आली. या दोन्ही औषधवर्गांचा एकत्रित वापर विकाराची वाढ अधिक रोखतो, हे 3,047 पुरुषांवरील 2003 च्या अभ्यासात दिसून आले. पुढे लेसर, वाफ, लहान रोपणे असे पर्यायही उपलब्ध झाले.

परंतु खरा बदल उपकरणांपेक्षा दृष्टिकोनात झाला. 1992 मध्ये लक्षणांची गुणांकन-पद्धती तयार झाली आणि ग्रंथी किती मोठी आहे याबरोबरच रुग्णाला त्रास किती होतो, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. 1995 मध्ये 556 पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम लक्षणांच्या या रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली आणि 276 जणांना केवळ देखरेखीखाली ठेवले. शस्त्रक्रियेने त्रास अधिक कमी झाला हे खरे. पण देखरेखीखालील 276 पैकी 65 जणांनाच तीन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली. ‘थांबून पाहणे’ हाही एक उपचार ठरू शकतो, अशी मान्यता त्यातून दृढ झाली.

निष्कर्ष :

1) अष्ठीलावृद्धीवरील उपचारांचा इतिहास हा केवळ शोधकांच्या नामावळीचा इतिहास नाही; मृत्यूच्या भीतीकडून जीवनाच्या गुणवत्तेकडे झालेला तो प्रवास आहे.

2) टाकून दिलेल्या उपायांतही पुढील ज्ञानाची बीजे असतात. वृषणोच्छेदन आणि फिनास्टराइड यांचा संबंध हे त्याचे ठळक उदाहरण होय.

3) पाश्चात्त्य वैद्यकाच्या या यशोगाथेत वसाहतीतील अनाम रुग्णांचा वाटा आहे आणि त्याची नोंद होणे आवश्यक आहे.

4) निवडीचे स्वातंत्र्य बोलल्यावाचून मिळत नाही. ज्याने त्रास सांगितलाच नाही, त्याच्यासाठी औषध, शस्त्रक्रिया व देखरेख हे तिन्ही पर्याय असून नसल्यासारखे राहतात आणि लघवी तुंबल्यावर अखेर नळीच त्याच्या वाट्याला येते. एकोणिसाव्या शतकातील रुग्णाची अगतिकता शास्त्राच्या मर्यादेमुळे होती. आजची मुख्यतः संकोचामुळे आहे. ती दूर करण्याच्या कामी वैद्यकाइतकाच शिक्षणाचा, आणि म्हणून आपल्या महाविद्यालयांचाही, वाटा असू शकतो.