गव्हाणीतला आनंद, घरातली शांती

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून मी तुमच्याशी बोलते आहे. डिसेंबर लागला की आमच्या बचत गटांच्या सभेत दोन प्रश्न हमखास निघतात. एक, सणासाठी उचल मिळेल का? आणि दुसरा, गटातल्या ख्रिस्ती मैत्रिणीला इतर जणी विचारतात, "तुमचा नाताळ म्हणजे केक आणि चांदणी एवढंच का गं?" आज या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधू. पहिल्याचंही उत्तर वाटेत सापडेल.

आधी मूळ गोष्ट. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात ती आहे. नावनोंदणीसाठी योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेले. मरियेचे दिवस भरले होते. उतारशाळेत जागा नव्हती. बाळ जन्मलं आणि त्याला गव्हाणीत निजवलं. ही बातमी आधी कुणाला कळली? राजाला नाही, सावकाराला नाही. रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्या माणसांना कळली. देवदूतांनी त्यांना आनंदाची आणि शांतीची वार्ता दिली. बाळंतपणाला जागा न मिळालेली बाई आणि थंडीत जागणारे मेंढपाळ, यांच्यापासून हा सण सुरू होतो. पैशाचा त्यात कुठे संबंध नाही.

ही गोष्ट मराठीत आली त्याला चारशे वर्षं झाली. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले. ते इथली भाषा शिकले आणि त्यांनी येशूची कथा ओवीत लिहिली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. जात्यावर बसून आपल्या आज्या ज्या छंदात गायच्या, त्याच नावाच्या छंदात ही कथा आली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या भागात ख्रिस्ती समाज वाढला तो पुढे, एकोणिसाव्या शतकात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले आणि नंतर सोलापुरातही त्यांचं काम सुरू झालं. त्यांच्या उपासनेतली गाणी परक्या चालींवरची होती. ती मराठी मनाला आपली वाटावीत म्हणून मोठं काम केलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. 'उपासना संगीत' या पुस्तकातली त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर म्हणतात.

पण आज मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नीबद्दल जास्त बोलायचं आहे. लक्ष्मीबाई १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. लहानपणी लग्न झालं, शाळा पाहिली नाही. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पदरात लहान मुलगा, नवरा जातीबाहेर गेलेला, चारचौघांत तोंड दाखवायची चोरी. काही काळ दोघं वेगळी राहिली. पुढे त्या पतीकडे आल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. सोवळं आपलं, पाणी आपलं, चूल आपली. एका घरात दोन धर्म नांदू लागले.

मैत्रिणींनो, शांतीची खरी परीक्षा इथे असते. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. आणि लक्ष्मीबाईंनीही कुणाच्या सांगण्यावरून मान डोलावली नाही. त्या स्वतः विचार करत राहिल्या. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाशी त्या थांबल्या. माणसानेच केल्या, असं मनाशी ठरल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० मध्ये. मधली पाच वर्षं सोपी नव्हती. पण त्या घरात जी शांती आली, ती कुणाचं तोंड दाबून आली नाही.

आणि आनंद? तो त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात पानोपानी आहे. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळकांचा हात सढळ. मुक्कामाला कोण येईल याचा नेम नसे. कवी बालकवी त्यांच्या घरी राहिले होते. अशा संसारात चिडण्यासारखं पुष्कळ होतं. लक्ष्मीबाई चिडल्याही, रडल्याही, आणि मग त्याच गोष्टीवर हसल्या. १९१९ मध्ये टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अपुरं राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे साठांहून जास्त अध्याय लिहिले.

दुसरं घर आपल्या ओळखीच्या वाटेवर आहे. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८७० नंतरच्या दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील उपासमारीने गेले होते. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत वैधव्य आलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. त्यांच्यावर टीका खूप झाली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात आणखी आल्या. त्यांना नुसतं जेवण दिलं नाही, तर शेती, विणकाम, शिवण, छपाईही शिकवली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणलं. ते छापायचं कामही आश्रमातल्या बायकांनी केलं. उतारशाळेत जागा नाही, ही गोष्ट रमाबाईंनी नुसती वाचली नाही. त्यांनी जागा करून दिली.

आता आजच्या नाताळाकडे या. मराठी ख्रिस्ती घरात केक असतो, तशा करंज्या, शंकरपाळे, चकल्याही असतात. सणाआधीचे चार रविवार आगमनकाळ पाळतात. तो मन तयार करायचा काळ. गाणारी मंडळी घरोघरी जातात. दिवाळीला शेजारून ताट येतं, नाताळला इकडून जातं. ते ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत दोन्ही घरांची एकच.

मग उचलीचं काय? गटातून कर्ज घ्यायचं असेल तर जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण सणाची उचल होळीपर्यंत फेडत बसावी लागली, तर तो सण कुणाचा झाला? हप्ता आधी मांडा, खर्च मागून ठरवा. घरातली एकटी बाई रात्रभर तळत बसली आणि बाकीचे चांदणीखाली फोटो काढत राहिले, तर त्या घरात शांती कुठून येणार? करंज्या लाटायला सगळ्यांना बसवा, पुरुषांनाही.

आणि एक काम गट म्हणून करता येईल. आपल्या गावात या दिवसांत जिच्या घरी कुणी येत नाही अशी एखादी असतेच. नवऱ्याने टाकलेली असेल, विधवा असेल, ऊसतोडीला आलेली परगावची असेल. सण कोणताही असो, पहिलं ताट तिच्याकडे जाऊ द्या. जमलं तर दोघी-तिघी मिळून जा आणि घटकाभर बसा.

सर्व ख्रिस्ती भगिनींना नाताळच्या शुभेच्छा, आणि त्यांच्या शेजारणींनाही.