पहिलें बालपुस्तक : कोणत्या वाटेनें?

पुस्तक लिहिण्यापेक्षां तें लोकांपुढें आणणें अधिक कठीण, असा पुष्कळ ग्रंथकारांचा अनुभव आहे. आणि पुस्तक मुलांसाठीं असलें म्हणजे ही अडचण दुणावते. तें वाचावयाचें मुलानें, विकत घ्यावयाचें आईबापांनीं आणि छापावयाचें प्रकाशकानें. या तिघांची आवड जुळेलच असें नाहीं. नुकतीच आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या गोष्टींची सचित्र वही घेऊन आमच्या घरीं आली. एक प्रकाशक ती घ्यावयास तयार होता, पण चित्रें कमी करून आणि आकार वाढवून. स्वतः छापावी, तर घरांतील शिल्लक खर्चीं पडणार. "सर, मीं काय करावें?" हा तिचा प्रश्न. उपदेश करण्यापेक्षां इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांतील दोन प्रसंग तिला सांगावे असें आम्हांस वाटलें. तेच वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिला प्रसंग ऑक्सफर्डचा. चार्ल्स डॉजसन या गणिताच्या अध्यापकानें ४ जुलै १८६२ रोजीं नौकाविहार करतांना तीन लहान बहिणींना एक गोष्ट सांगितली. तीच पुढें 'लुई कॅरोल' या टोपणनांवानें पुस्तकरूप झाली आणि ॲलिसची अद्भुत कथा म्हणून जगभर गाजली. मॅकमिलन कंपनीशीं झालेला करार असा कीं, खर्च सारा लेखकाचा आणि प्रकाशकानें विक्रीवर दलाली घ्यावी. टेनिएल या नामांकित चित्रकाराला ४२ चित्रांबद्दल १३८ पौंड डॉजसननें स्वतःच्या खिशांतून दिले. १८६५ च्या उन्हाळ्यांत २००० प्रती छापून तयार झाल्या, तों चित्रांची छपाई आपल्याला पसंत नाहीं असें टेनिएलनें कळविलें. डॉजसननें ती आवृत्ति रद्द केली, भेट दिलेल्या प्रतीहि परत मागविल्या आणि दुसऱ्या छापखान्यांत पुस्तक पुन्हां छापून घेतलें. नव्या २००० प्रती खपल्या तरी आपण २०० पौंडांस बुडणार, असा हिशेब त्यानें रोजनिशींत मांडलेला आहे. त्यापुढें फारसा खप होईल अशी आशाहि त्याला नव्हती. पैसा दुसऱ्याचा असता, तर आवृत्ति रद्द करण्याचा अधिकार त्याच्या हातीं राहिला असता काय?

दुसरा प्रसंग आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. बीॲट्रिक्स पॉटर या बाईंनीं ४ सप्टेंबर १८९३ रोजीं आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिलें. त्या पत्रांत पीटर नांवाच्या सशाची गोष्ट होती. कांहीं वर्षांनीं तिचें पुस्तक करून त्यांनीं तें निदान सहा प्रकाशकांना दाखविलें. सर्वांनीं तें परत केलें. पुस्तक लहान मुलाच्या हातांत मावेल एवढेंच असावें आणि त्याची किंमत एक शिलिंग असावी, असा बाईंचा आग्रह होता. सहा शिलिंगांचा मोठा ग्रंथ चिमुकल्या सशांना परवडणार नाहीं, असें त्यांनीं एका बालमैत्रिणीला विनोदानें लिहिलें होतें. त्या विनोदांत मुलांविषयींचा केवढा विचार आहे!

अखेर डिसेंबर १९०१ मध्यें, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, बाईंनीं स्वखर्चानें २५० प्रती छापविल्या. आरंभीं एक रंगीत चित्र आणि बाकीचीं साधीं काळीं. या प्रती आप्तइष्टांत वांटल्या व विकल्या गेल्या. फेब्रुवारींत आणखी २०० काढाव्या लागल्या. इकडे फ्रेडरिक वॉर्न कंपनी पुस्तक काढण्यास राजी झाली होती. मात्र चित्रें रंगीत हवींत ही तिची अट. बाईंनीं ती मानली, त्यापायीं कांहीं चित्रें गाळूंहि दिलीं. आकार मात्र लहान राहिला आणि किंमतहि एका शिलिंगाचीच. ऑक्टोबर १९०२ मध्यें ८००० प्रतींची आवृत्ति निघाली आणि वर्षअखेरपर्यंत छापलेल्या प्रतींची संख्या २८,००० वर गेली. एवढी मजल बाईंना एकट्यानें खचित मारतां आली नसती. प्रकाशकाची उपयुक्तता ती हीच. तथापि त्याच्या हातूनहि चुका होतात. अमेरिकेंत स्वामित्वहक्काची नोंद करावयाची राहून गेली आणि तिकडे परभारें नकला निघूं लागल्या.

पण खरी मौज पुढेंच आहे. इतकें यश मिळाल्यावरहि डिसेंबर १९०२ मध्यें ग्लॉस्टरच्या शिंप्याची गोष्ट बाईंनीं पुन्हां स्वखर्चानेंच काढली, ५०० प्रतींची. प्रकाशक गोष्टीला कात्री लावील अशी त्यांना धास्ती होती, आणि पुढच्या वर्षीं वॉर्ननें ती काढली तेव्हां कात्री लागलीहि. परंतु आपल्या मनाजोगें पुस्तक एकदां तरी मुलांच्या हातीं पडलें, हें समाधान बाईंच्या पदरीं होतें.

या दोन कथांवरून कोणीं शिल्लक उधळूं नये. डॉजसनला अध्यापकाचें वेतन होतें आणि पॉटरबाई सधन घराण्यांतल्या. बुडीत सोसण्याची दोघांचीहि ऐपत होती. शिवाय बाईंचें धाडस अडीचशें प्रतींपुरतेंच होतें, हें विसरतां कामा नये. आम्हांस यांतून दिसतें तें इतकेंच कीं, स्वतः छापावें कीं प्रकाशकाला द्यावें हा प्रश्न दुसरा आहे. या पुस्तकांतील कोणती गोष्ट आपण कांहीं केल्या सोडणार नाहीं, हा पहिला. डॉजसननें चित्रांची छपाई सोडली नाहीं. पॉटरबाईंनीं आकार आणि किंमत सोडली नाहीं, पण चित्रांची संख्या सोडली.

आमच्या विद्यार्थिनीला आम्हीं हेंच विचारलें. ती बराच वेळ वही चाळीत बसली. मग म्हणाली, "आकार वाढला तरी चालेल, सर. चित्रें मात्र एकहि काढूं देणार नाहीं." आमच्या मतें तिचा अर्धा निर्णय तेथेंच झाला. राहिलेला अर्धा प्रकाशकाशीं बोलून व्हावयाचा आहे. आणि तो तिला प्रतिकूल झाला, तर अडीचशें प्रतींची वाट मोकळी आहेच.