पाण्याची गाडी आणि आयपीएलची मॅच

आजच्या भागात आयपीएल आहे, पण स्कोअर नाही. आज हिशोब आहे पाण्याचा, आणि तो आपण कळंबच्या बाजूने मांडणार आहोत.

साल २०१६. पाठोपाठचे दुष्काळ. मांजरा नदी कळंबवरून वाहत जाते आणि खाली धनेगावला तिच्यावर धरण आहे. लातूर शहर याच धरणावर जगतं. त्या उन्हाळ्यात धरणाचा तळ उघडा पडला. लातुरात पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्या आणि विहिरींपाशी जमावबंदी लावली होती. पाण्याला १४४ कलम, विचार करा!

मग मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका फेरीला पंचवीस लाख लिटर. कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद असा तिचा मार्ग. याच मार्गावर कळंब रोड नावाचं स्टेशन आहे. म्हणजे दुसऱ्याच्या तहानेचं पाणी आपल्या तहानलेल्या तालुक्याशेजारून जात होतं.

तिकडे मुंबईत त्याच आठवड्यात आयपीएल सुरू झाली. ९ एप्रिलला वानखेडेवर पहिला सामना. त्याआधीच ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात होती. मुंबई, पुणे, नागपूर मिळून २० सामने, आणि खेळपट्ट्या-मैदानांसाठी ६० लाख लिटर पाणी, असा याचिकेतला अंदाज. बीसीसीआयने सांगितलं, पिण्याचं पाणी घेणार नाही, रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. दुष्काळ निधीला पाच कोटींची तयारीही दाखवली. न्यायालयाला पटलं नाही. १३ एप्रिलला निकाल आला: ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या. पाण्याची गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी! पुढे १ मेच्या पुण्यातल्या सामन्याला तेवढी सवलत मिळाली. सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही. मुंबई आणि पुण्याचे संघ विशाखापट्टणमला गेले, फायनल बंगळुरूला.

आता खरा हिशोब. ६० लाख लिटर म्हणजे मोठ्या गाडीच्या अडीच फेऱ्यासुद्धा नाहीत. लातूरच्या चारेक लाख लोकांत वाटलं तर माणशी पंधरा लिटर, एक घागर. आणि ऊस? त्याला पूर्ण वाढीत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, पावसाचं धरून. एकरी गुणाकार केला की ८० लाख लिटर येतं. म्हणजे वीस सामन्यांचं पाणी एका एकर उसाला पुरत नाही. कळंब तालुक्यात उसाचे फड किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मग निकाल नुसता देखावा होता का? तसं म्हणणाऱ्यांचं गणित बरोबर आहे, पण मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. त्याआधी मैदानावरच्या पाईपचं पाणी येतं कुठून, हे कोर्टात कुणी फारसं विचारतच नव्हतं. २०१८ मध्ये चेन्नईचे सामने पुण्याला आले, तेव्हा गहुंज्याच्या स्टेडियमला पवना नदीचं पाणी द्यायला याच न्यायालयाने मनाई केली. आणि फायनल नेली होती ना बंगळुरूला? २०२४ मध्ये त्या शहरातच टंचाई आली. तिथे सामने झाले, पण चिन्नास्वामीच्या गवताला कब्बन पार्कच्या प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी दिलं. मुंबईत बीसीसीआयने जे कोर्टात सुचवलं होतं, साधारण तेच.

उसाला मात्र कुणी राज्याबाहेर पाठवलं नाही. क्रिकेटला हलवणं सोपं होतं, बसमध्ये बसून निघून जातं. ऊस म्हणजे कारखाना, तोडणीवाले, सोसायटीचं कर्ज, आणि त्याला पर्यायी पीक कोणतं परवडेल, हा प्रश्न.

आणखी एक गोष्ट, जाता जाता. त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खो-खोचं सुवर्ण जिंकलं. त्या संघात आपल्या जिल्ह्याची सारिका काळे होती, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. खो-खोला दोन खांब आणि सपाट माती लागते, धूळ बसवायला पाण्याचा सडा. दुष्काळी गावातल्या शाळेला तेवढं जमतं. पण वानखेडेवर किती पाणी ओतलं यावर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या वाहिन्यांवर त्या सुवर्णाला किती वेळ मिळाला, आठवून बघा.