सरवा (बायबल)
सरवा म्हणजे पिकाच्या कापणीनंतर शेतात गळून राहिलेली कणसे व दाणे. महाराष्ट्रातील शेतीव्यवहारातला हा शब्द मराठी बायबलमध्येही योजलेला आहे. लेवीय (१९:९-१०) व अनुवाद (२४:१९-२१) या पुस्तकांनुसार शेतकऱ्याने शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा वेचू नये आणि विसरलेली पेंढी आणण्यासाठी मागे फिरू नये. ते गरीब, परदेशी, अनाथ व विधवा यांचे असते. त्यामुळे सरवा ही मालकाने घातलेली भीक नसून गरिबांचा हक्क ठरतो. मिश्ना या यहुदी ग्रंथातील ‘पेआ’ प्रकरणात कोपऱ्याचे किमान प्रमाण १/६० सांगितले आहे. रूथच्या पुस्तकातील मवाबी विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सातू व गव्हाचा सरवा वेचते. ती दावीद राजाची पणजी होय. मत्तयकृत शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीतही तिचे नाव आहे.